मेथीतली चार पावलं

मेथी दाट आली आहे. फक्त माझ्या चार पावलांपुरती माती अजून उघडी आहे.

गावाबाहेर सगळ्यांनी मिळून कसायचं एक शेत आहे. दर रविवारी मी दादाला तिथे घेऊन जाते. दादा पन्नाशीचा आहे, पण त्याला फिट येते. खुरपं हातात असताना आली तर? म्हणून मी त्याच्या मागच्या वरंब्यावर उभी असते. तिथला नियम एकच: चालायचं ते वरंब्यावरून, वाफ्यात पाय दिला की माती दबते.

त्या दिवशी निंदता निंदता दादा थांबला. त्याचं कपाळ मातीला टेकायला आलं. "दादा!" ओरडत मी वाफ्यातूनच धावले.

त्याने शांतपणे मान वर केली. "अगं, गांडूळ बघतोय."

मग त्याला माझ्यामागची पावलं दिसली. तो खुरप्याच्या टोकाने दबलेली माती मोकळी करू लागला.

इतकी वर्षं त्याला जपताना मी आणखी कुठे कुठे पाय दिला असेल?

आता वरंब्यावरच थांबते. तो वाकला की त्याची मान वर येईपर्यंत मी माझेच हात घट्ट धरून ठेवते.