मंगफच्या समुद्रातले तांडेलभाऊ

फोन आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. स्क्रीनवर तांडेलभाऊंचं नाव दिसलं आणि मला आधी आश्चर्यच वाटलं, कारण भाऊ फोन करायचे ते फक्त शुक्रवारी, आणि तो मंगळवार होता. ग्लोव्ह काढून फोन घेतला तर पलीकडे बाईचा आवाज. "मी यशवंत तांडेलांची बायल बोलतंय, ताई. ते गेले." दुपारी जेवून पडवीत बसले होते, बसल्या बसल्याच गेले, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, त्यांच्या फोनातून कुवेतला तुमच्याच नंबरावर सगळ्यात जास्त फोन गेलेले, म्हणून आधी तुम्हाला कळवलं. मी उरलेले नमुने मशीनला लावले, रिपोर्ट पाठवले आणि मग जिन्यात जाऊन बसले...

मी सोलापूरची. आमच्याकडे पाणी म्हणजे दिवसाआड यायचं आणि हंड्या-पिंपात भरून ठेवायचं. लग्नानंतर कुवेतला आले, मंगफमध्ये सहाव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून चक्क समुद्र दिसायला लागला. पण तो नुसता दिसायचा. इथलं आमचं मन रमवणं ठरलेलं होतं. उन्हाळ्यात मॉलच्या गारव्यात फेऱ्या, थंडीत वाळवंटात एखादा दिवस तंबू आणि शेगडी, एरवी कुणाच्या तरी घरी जेवण. शुक्रवारी सकाळी किनाऱ्यावर जायचो तेही पोहे आणि चहाचा थर्मास घेऊन, चटई अंथरून बसायला. पाण्यात फक्त मुलं जायची. आमची इरा तेव्हा नऊ वर्षांची होती, शाळेत थोडंफार पोहायला शिकलेली, आणि तिला हवा भरलेली मोठी ट्यूब घेऊन दिलेली होती.

अशाच एका शुक्रवारी वारा जमिनीकडून पाण्याकडे होता, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नाही. पोहे वाढून मी वर पाहिलं तर इराची ट्यूब हाकेच्या पलीकडे गेली होती. मी धावले. गुडघ्याएवढ्या पाण्यापर्यंत गेले आणि तिथे माझे पाय थांबले. मागून सुधीर, माझा नवरा, तोही कमरेएवढ्या पाण्यात येऊन उभा. शुऐबाच्या प्लांटमध्ये मोठमोठी यंत्रं चालवणारा माणूस, पण पोहता त्यालाही येत नव्हतं. पोरगी लांब जाते आहे आणि आपण दोघं धडधाकट आईबाप नुसते उभे आहोत, ही लाज मी अजून विसरलेले नाही. इतक्यात आमच्या शेजारून एक माणूस पाण्यात शिरला. घाई नाही, आरडाओरडा नाही, लांब लांब हात मारत तो गेला, ट्यूबची दोरी मनगटाला गुंडाळून इराशी गप्पा मारत परत आला. सुधीरने त्यांना ओळखलं. प्लांट दुरुस्तीला बंद ठेवतात त्या शटडाऊनला कंत्राटदाराकडून येणारे पाइपफिटर, यशवंत तांडेल. मालवणचे. वीस-बावीस वर्षं कामगारांच्या कॅम्पात सहा जणांच्या खोलीत राहणारे, आणि दर शुक्रवारी बस पकडून समुद्रावर येणारे. ते आम्हाला रागावले नाहीत. फक्त नवल वाटल्यासारखं विचारलं, "तुमका दोघांकय पेवूक येना नाय?"

पेवणं म्हणजे पोहणं, हे मला त्या दिवशी कळलं. पुढच्या आठवड्यात आम्ही त्यांना जेवायला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून आले, सोफ्याच्या कडेवर बसले. मी भात वाढता वाढता म्हटलं, भाऊ, मला शिकवाल? त्यांनी एकदा सुधीरकडे पाहिलं आणि म्हणाले, साहेब पण येणार असतील तर शिकवतो. उन्हं चढायच्या आत या.

मी त्रेचाळीस वर्षांची होते. सलवार-कुर्ता घालून कमरेएवढ्या पाण्यात सुधीरशेजारी उभी, आणि हातपाय लाकडासारखे ताठ. भाऊंनी आम्हा बायकांना शिकवताना कधी हात लावला नाही. ते चार हात लांब उभे राहून सांगायचे आणि माझ्या पाठीखाली आधाराला हात असायचा इराचा. "मान ढिली सोडा, वयनी. उशयेर ठेवतास तशी पाण्यार ठेवा," ते म्हणायचे, आणि इरा तिच्या भाषेत "मॉम, रिलॅक्स" म्हणायची. पाचव्या शुक्रवारी मी तरंगले. कानात पाणी, वर नुसतं आकाश, आणि इतकी वर्षं ज्याला घाबरले ते पाणी मला अलगद धरून होतं. त्या दिवशी घरी येऊन मी दोन वेळचं जेवले असेन.

मग माझ्या हॉस्पिटलमधली नागपूरची शोभा सिस्टर आली, तिच्यामागून तिच्या दोघी मैत्रिणी, आणि वर्षभरात आम्ही अकरा जणी झालो. भाऊंना भरती-ओहोटी तोंडपाठ असायची. इथला समुद्र उथळ, ओहोटीला पार लांब जातो, म्हणून वेळ तेच ठरवायचे. जेलीफिश दिसले की सगळ्यांना बाहेर काढून स्वतः पाहणी करून यायचे.

हे सगळ्यांना रुचलं नाही. आमच्या मराठी मंडळींच्या एका बैठकीत विषय निघाला. बायकांना शिकवायला एखादा प्रशिक्षित माणूस असावा, कॅम्पातला फिटर कशाला, असं कुणीतरी सभ्य शब्दांत मांडलं. सुधीर तिथे भांडला, पण ते बोलणं भाऊंपर्यंत पोचलंच. पुढच्या शुक्रवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. सुधीर कॅम्पवर जाऊन आला, तर म्हणाले, साहेब, बायांना आता येतं, माझं काय काम? उगाच कुणाला बोल लागायला नको.

आम्ही मात्र जात राहिलो. तिसऱ्या शुक्रवारी मी जरा पुढे गेले होते, दम खायला पाठीवर वळले आणि किनारा लांबून पहिल्यांदाच नीट दिसला. आम्ही चटया टाकायचो तिथून बऱ्याच अंतरावर दगडांचा बांध आहे. त्या बांधाच्या आड, वाळूवरून दिसणार नाही अशा जागी, एक माणूस बसला होता. अंगात शर्ट नाही, पोहण्याची चड्डी, नजर आमच्यावर. भाऊच होते ते; तीनही शुक्रवार तिथे येऊन बसत होते, हे नंतर कळलं. कुणी बुडायला लागलं तर उडी मारायच्या तयारीत...

मी तशीच बांधाच्या दिशेने निघाले. एवढं अंतर मी कधी कापलं नव्हतं, आणि मधे कुठे पाय टेकतील का तेही ठाऊक नव्हतं. पण थांबले नाही. दगडाला हात लागला तेव्हा भाऊ उभे राहिले होते, आणि पहिल्यांदाच चिडलेले होते.

"इतक्या लांब येवक कोणी सांगितला तुमका?"

"तुम्ही दिसलात म्हणून आले," मी म्हटलं. "पुढच्या शुक्रवारी चटईपाशी आला नाहीत, तर आम्ही अकरा जणी पोहत इथेच येणार."

त्यावर ते हसले. आम्ही दोघं बांधावरून वाळूवर उतरून चालत आलो, आणि बाकीच्या जणींनी काही न विचारता त्यांच्यापुढे चहा ठेवला. त्यानंतर कुणी काही बोललं असेल तर ते आमच्या कानावर आलं नाही. दोन वर्षांपूर्वी कंत्राट संपलं, इकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना रद्द झाला आणि भाऊ कायमचे गावी गेले. तोवर त्यांचा पुन्हा एकही शुक्रवार चुकला नव्हता.

गेल्या महिन्यात रजेवर गेले तेव्हा मी मालवणला गेले. सुलभावहिनी, भाऊंच्या पत्नी, यांना पहिल्यांदाच भेटत होते. समुद्र त्यांच्या घरापासून हाकेवर. बोलता बोलता त्यांनी एक गोष्ट सांगितली आणि मी थक्क झाले. जन्मभर मासळी निवडली, जाळी विणली, पण त्या कधी पाण्यात उतरल्या नव्हत्या. गावी परतल्यावर भाऊंनी त्यांना शिकवायला घेतलं होतं. कुवेतच्या बाया पोहतात, तुला यायला नको? असं म्हणून. "पाठीखाली हात ठेवीत," वहिनी म्हणाल्या, "आणि गुपचूप काढून घेत. काढलेलो सांगीत नसत. माका वाटायचा, हात आसा अजून." आणखी चार दिवस मिळाले असते तर जमलं असतं, असं म्हणून त्यांनी डोळे पुसले.

मी त्यांना चला म्हटलं. आधी नको नको म्हणाल्या, मग पदर खोचून निघाल्या. सकाळचं कोवळं ऊन होतं, पाणी शांत होतं. कमरेच्या वर पाणी आलं तशा त्या आडव्या झाल्या, डोळे घट्ट मिटलेले, आणि त्यांच्या पाठीखाली मी माझा तळहात धरला. थोड्या वेळाने त्यांचा श्वास संथ झाला, बोटं उलगडली. मी हात काढून घेतला. त्यांना सांगितलं नाही.