बाबांच्या फोनवरचं चक्र

ऑफिसात तिला सगळे 'तोफ' म्हणायचे, आणि ते काही उगाच नाही. बाई बैठकीत बोलायला लागली की समोरच्याचा चहा कपातच निवायचा. वेबसाइट बनवण्यात तिचा हात धरणारं त्या मजल्यावर कुणी नव्हतं. हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि खोटा विनय तिला जमत नव्हता. बरंच होतं की!

डायलिसिस केंद्राची साइट तिनेच केलेली. कुठल्या नंबरच्या रुग्णाची वेळ कधी, कोणतं मशीन बंद, काय बदललं, सगळं त्यावर. आता पान दाखवायच्या दोन तऱ्हा. एक, सर्व्हरनं सगळं रांधून ताट वाढून पाठवायचं. दुसरी, नुसता शिधा पाठवायचा आणि स्वयंपाक ज्याच्या त्याच्या फोननं करायचा. तोफेनं दुसरी निवडली. एकदा पान उघडलं की बोट लावाल तिथे झटक्यात हलतं, सर्व्हरच्या डोक्याला ताप नाही. तिच्या नव्याकोऱ्या फोनवर साइट नुसती पळायची. पान तयार होईपर्यंत बघायला तिनं एक देखणं निळं चक्रही फिरत ठेवलं होतं.

तिचे बाबा त्याच केंद्रात जायचे. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. मूत्रपिंडांनी दगा दिला, पण ताठा गेला नाही. एकटे बसनं जायचे, एकटे यायचे. मला कुणी हाताला धरून न्यायचं नाही, असं त्यांनी घरात ठणकावून सांगितलं होतं.

एका दुपारी केंद्रातून सिस्टरचा फोन आला. मशीन बिघडल्यामुळे बाबांची वेळ सकाळची झाली होती आणि बाबा नेहमीसारखे दुपारी पोचले होते. खुर्ची दुसऱ्याला गेलेली. तोफ धावत गेली तर बाबा बाकावर, पाय सुजलेले, धाप लागलेली. ती घाबरली होती, पण तोंडातून बाहेर पडला राग.

"बाबा, साइट बघितली नाहीत? कालपासून लिहिलंय तिथे!"

"बघितली की. रोज बघतो," म्हणत बाबांनी आपला जुनापुराणा फोन मोठ्या कौतुकानं पुढे केला. "झकास केलंयस गं. काय सफाईनं फिरतं! जरा म्हणून अडकत नाही. मित्रांनाही दाखवलं, माझ्या लेकीचं काम म्हणून."

पांढऱ्या पडद्यावर निळं चक्र फिरत होतं. नुसतंच चक्र. त्या म्हाताऱ्या फोनच्यानं पुढचं काही होतच नव्हतं. साइट सुरू झाल्यापासून बाबा तेवढंच बघून खूश होते आणि वेळ नेहमीचीच धरून चालत होते. अशी लाज तिला जन्मात वाटली नव्हती.

संध्याकाळी सिस्टरनं कशीबशी खुर्ची मिळवून दिली. थोरला भाऊ आला तो तापलेलाच. "बस झालं. यापुढे बाबा एकटे जाणार नाहीत. मीच नेईन, मीच आणीन."

बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. सुजलेल्या पायांपेक्षा तिला ते जास्त लागलं.

"दादा, चूक त्यांची नाही, माझी आहे," ती म्हणाली. "मी निस्तरते." पण दादा ऐकणाऱ्यातला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिनं पान सर्व्हरकडूनच रांधून पाठवायचं म्हटलं, तसा सर्व्हर सांभाळणारा कुरकुरला. "अगं, सकाळी सगळे एकदम उघडतात. प्रत्येकाला ताट वाढायचं म्हणजे सर्व्हर मान टाकेल."

"प्रत्येकासाठी वेगळं रांधायला सांगितलंय कुणी? वेळापत्रक सगळ्यांना एकच. बदल झाला की पान एकदा तयार करायचं आणि येईल त्याला तेच द्यायचं. वेळ बदलून मागायचा भाग राहू दे फोनकडे, तिथे चटकन हलायला हवं. आणि तपासायला माझा फोन नको. सापडेल तो सगळ्यात रडका फोन आण!"

तोफ पुन्हा धडाडायला लागली म्हटल्यावर सगळे कामाला लागले, आणि काम झालंही.

नवं पान सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत केंद्रातलं मशीन पुन्हा बंद पडलं. तोफ बैठकीत होती. भरदुपारी दादाचा फोन, आवाज कापरा. "बाबांना न्यायला आलोय. दाराला कुलूप आहे!"

तिनं बाबांना फोन लावला. किती वेळ वाजत राहिला, मग एकदाचा उचलला.

"बाबा, कुठे आहात?"

"खुर्चीत. सुई लावलीये, जास्त बोलता येत नाही. वेळ सकाळची झाली ना, वाचलं मी. आणि दादाला सांग, न्यायला येऊ नको म्हणावं. परतीची बस मला माहीत आहे."

फोन बंद झाला. भर बैठकीत तोफ ढसाढसा रडली, आणि का म्हणून विचारायची कुणाची छाती झाली नाही.