तिसऱ्या मजल्यावरचं पाणी

फिटरला सगळे ‘बाण’ म्हणत. कुणीही नवा पंप बसवला, की तो आधी एकच विचारी, “बाण बघितला का?” पंपाच्या अंगावर बाण कोरलेला असतो, कुठल्या दिशेनं फिरवायचा ते सांगणारा. तेवढ्यावरून नाव पडलं आणि चिकटलं.

हाताखालच्या माणसांना तो पंप समजावी, ते शेजाऱ्यांचे स्वभाव सांगावेत तसे.

“दट्ट्याच्या पंपाला दिशेचं सोयरसुतक नाही. कसाही फिरवा, पाणी ढकलणारच. दातेरी चाकांचा पंप उलटा फिरला, तर पाणीही उलटं ओढतो. लगेच पकडला जातो. लबाड तो पंख्याचा. उलटा फिरला तरी पाणी देतो, फक्त कमी देतो. माणसाला वाटतं, एवढंच असेल त्याच्या अंगात.” मग तो बोट नाचवी. “आणि चालवतं कोण, तेही बघा. इंजिन बिचारं एकाच बाजूला फिरतं. मोटारीच्या तीन तारांतल्या दोन इकडच्या तिकडे झाल्या, की चालली ती उलटी.”

त्याच्या मोठ्या भावाची लाँड्री होती. टाकी तळाला, धुण्याची खोली तिसऱ्या मजल्यावर, कारण कपडे वाळवायची गच्ची तिथेच. सहा वर्षांपूर्वी तिथला पंख्याचा पंप या धाकट्यानंच बसवला. पाणी आलं, चहा झाला, थट्टामस्करी झाली. दोन दिवसांनी दादा म्हणाला, “अरे, दुसऱ्या मजल्यापर्यंत ठीक आहे. वर मात्र करंगळीएवढी धार येते.”

चार गिऱ्हाइकं उभी होती. हा म्हणाला, “दादा, तू इस्त्री कर. पंप मला शिकवू नकोस. तुझा पाइप अरुंद आहे.”

सगळे हसले. दादाही हसला. पुन्हा त्यानं विषय काढला नाही. दुसऱ्या मजल्यावरून बादल्या वर न्यायला लागला. रोज, सकाळचे दोन तास.

गेल्या महिन्यात दादा जिन्यातच खाली बसला. बादली शेजारी नीट ठेवली, थेंब सांडू दिला नाही. बसला तो उठलाच नाही.

“लाँड्री बंद करतेय, भावोजी,” वहिनी म्हणाली. “पंप तेवढा काढून न्या. तुमच्या उपयोगी पडेल.”

तो आला. खोलण्याआधी पंप एकदा चालवून बघायचा, ही हाताची सवय. बटण दाबलं, आवाज ऐकला, बंद केलं. मोटारीच्या मागचा पंखा थांबता थांबता त्याची पाती दिसू लागली. त्यानं अंगठ्यानं पंपावरचा साबणाचा थर पुसला. बाण उजवीकडे होता. पाती डावीकडे फिरत होती.

त्यानं पुन्हा चालवून बघितलं. मग तिसऱ्यांदा.

तारांच्या डबीवर पिवळी चिकटपट्टी होती. त्याची स्वतःची. सहा वर्षांत कुणी हात लावला नव्हता.

पंप खोलायचे पाने पिशवीत होते. पंप उचलायचा आणि चालू लागायचं. कुणाला कळणार होतं?

त्यानं डबी उघडली. दोन तारा बदलल्या. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बटण दाबलं.

वरून वहिनीची हाक आली. “अहो भावोजी, वर पाणी आलं! धो धो येतंय!” ती घाईघाईनं जिना उतरली. “काय केलंत?”

“दोन तारा बदलल्या.”

“म्हणजे?”

“पंप उलटा फिरत होता, वहिनी. पहिल्या दिवसापासून. जोडणारा मीच. बाण बघितला नाही.”



“मी म्हणायची, दुसऱ्या कुणाला तरी दाखवा,” वहिनी म्हणाली. “तर माझ्यावरच चिडायचे. म्हणायचे, आमचा बाण सांगतो ना, मग पाइपच अरुंद असणार.”

तो मोटारीकडे बघत राहिला.

“आता वरचं पिंप भरायला किती वेळ लागेल?” वहिनीनं विचारलं.

“वीस मिनिटं.”

वहिनी खालच्या पायरीवर बसली. “राहू दे चालू.”

पिंप भरलं. मग वाहू लागलं. पाणी एकेक पायरी उतरत तिच्यापर्यंत आलं. तिनं पाय उचलले नाहीत. तो बटणावर बोट ठेवून उभा होता. ती ‘बंद करा’ म्हणेल याची वाट बघत.