टेबल कलत नाही

हॉल झाडला की बाकाखालून निळी पूड निघते. रोज झाडा, रोज निघते. कोणी मुद्दाम सांडत नाही. काठीच्या टोकाला खडू लावताना जी उडते ती कोपऱ्यात साठते. किस्सेही असेच साठले. मी काही गोळा करायला गेलो नव्हतो. मला कामं होती.

माझा स्नूकरचा हॉल पनवेलात, उरणकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. दिवसभर दारावरून न्हावा शेवा बंदराचे ट्रेलर. धुळीनं टेबलाचं कापड खराब होतं म्हणून मी खिडक्या विटांनी बुजवल्या. आत दिवे आणि टेबल, बास. मी सातवी शिकलो. मुंबईत एका मिलच्या क्लबात मार्कर होतो, म्हणजे खेळणाऱ्यांचे गुण मांडायचो. क्लब बंद पडला तेव्हा तिथलं टेबल विकत घेतलं, कापडाखालचे दगडी पाटे सुटे करून लॉरीनं इथं आणलं आणि स्वतः उभं राहून लावून घेतलं. त्या टेबलाबद्दल मी वेडंवाकडं ऐकून घेत नाही.

रोजची माणसं तीन. नंदू म्हात्रे, गव्हाणचा, बंदरात क्रेनवर. सलीम, बाजारातला टेलर. आणि सबनीस, विमा कंपनीतून निवृत्त झालेले, नवीन पनवेलचे. सबनीस काठी क्वचितच धरायचे. बोलायचे मात्र सगळ्यांच्या वाटचं.

भिंतीवर एक फळी आहे. वर्षाच्या स्पर्धेत जिंकेल त्याचं नाव तिच्यावर रंगवायचं. सलीमचं नाव इतक्यांदा होतं की रंगारी न विचारताच 'स' काढायला घ्यायचा. नंदूचं एकदाही नव्हतं. दर वर्षी फायनलला यायचा आणि हरायचा. त्यात त्याची बदली गुजरातच्या बंदरावर झाली. म्हणजे ही शेवटची स्पर्धा. बाकावर तेव्हा दुसरा विषयच नव्हता.

*

बॉल चुकला की माणूस पहिल्यांदा टेबलाकडे बघतो. स्वतःकडे कोणी बघत नाही.

"जाधव, टेबल रस्त्याच्या बाजूला कलतंय!" सबनीस म्हणायचे.

मी भिंतीला खिळा ठोकला आणि गवंड्याची लेव्हल टांगून ठेवली. नियम केला. जो म्हणेल टेबल कलतंय, त्यानं स्वतःच्या हातानं लेव्हल ठेवून बघायची. बुडबुडा मधे बसला तर सगळ्यांना चहा त्याच्याकडून. बाजूला सरकला तर माझ्याकडून.

मला एकदाही चहा पाजावा लागला नाही. सबनीसांना आठवड्यातून दोनदा लागायचा. एकदा हॉलात पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी चहावाल्याला हाक मारली, "सहा कटिंग आण रे!"

"अजून टेबल कललं कुठं?" मी विचारलं.

"कलेल हो. मी आत्ताच आलोय."

*

पावसाळ्यात कापड ओल धरतं. बॉल चिखलातून चालल्यासारखा चालतो. मग कापडावर इस्त्री फिरवावी लागते. एका वर्षी माझी इस्त्री बिघडली आणि मी समोरच्या लाँड्रीतून कोळशाची आणली. फिरवत असताना दारात कोणीतरी हॉर्न वाजवला. मी मान वळवली तेवढ्यात हिरव्या कापडावर इस्त्रीचा तपकिरी ठसा उठला.

तिथून पुढं कोणाचाही बॉल चुकला की कारण ठरलेलं. "इस्त्रीवर अडला!" बॉल त्या बाजूला गेला नसला तरी इस्त्री. सलीमनं तर बॉलला काठी लागायच्या आत एकदा म्हटलं.

कोपऱ्यात लहान मुलांसाठी कॅरम ठेवला होता. एका रविवारी सबनीस त्यावर आपल्या नातवाशी हरले. उठले, स्नूकरच्या टेबलापाशी गेले, त्या डागावर बोट ठेवलं आणि नातवाला म्हणाले, "हे बघ. याच्यामुळं."

*

नंदू सावकाश खेळायचा. खडू लावायचा. टेबलाला फेरी मारायचा. वाकायचा. उठायचा. परत खडू. बाकावरच्यांना मुंग्या यायच्या.

एकदा नंदू वाकलेला असताना सबनीस उठून समोरच्या सलूनमध्ये गेले. दाढी करून, तुरटी फिरवून परत आले. नंदू तिथंच वाकलेला.

"म्हात्रे, मी दाढी करून आलो!"

"मंग बसा ना," नंदू मान न हलवता म्हणाला. "परत वाढंपर्यंत खेलतो मी."

मी एकदा त्याला बाजूला घेऊन विचारलं, एवढा वेळ का लावतोस. म्हणाला, "काका, कंटेनर घाईत टेकवला तर खालचा मानूस जातो. हाताला तीच सवय हाय. आता काय करू?"

यावर बाकावर मी कोणाला बोलू दिलं नाही. त्या दिवसापुरतं.

*

सलीमचं उलटं. आधीचा माणूस टेबलापासून बाजूला व्हायच्या आत याचा फटका. मी पाटीवर गुण लिहायला वळलो की मागं आणखी एक बॉल गेलेला. एकदा खेळता खेळता तो नंदूला म्हणाला, "नंदूभाई, जल्दी करो. लोक म्हातारे होतायत."

नंदूची पँट गणपतीच्या आधीपासून सलीमकडं शिवायला होती. तेव्हा दिवाळी तोंडावर आलेली.

"खेलाची एवढी घाई, मंग पँट कवा देतोस?"

"कपडे में गलती नहीं चलती, भाई. सावकाशच करावं लागतं."

"आन् कंटेनरात चालते?"

सलीम हसला आणि पँट आणखी एक आठवडा लांबली.

*

खेळणारा वाकला की बाकावर बोलायचं नाही, हा नियम. तोंड बंद केलं की माणसाचे पाय हलायला लागतात. नंदूचा सामना असला की आठ-दहा गुडघे एकदम हलायचे. बाक हलायचा, बाकावरचे चहाचे ग्लास वाजायचे.

एकदा नंदूनं मारलेला बॉल पॉकेटच्या तोंडाशी जाऊन थांबला. ग्लास वाजले. "ट्रेलर आला! ट्रेलर आला! टेबल हादरतंय!" सलीम ओरडला. मी दार उघडून बघितलं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. सबनीसांचा गुडघा होता.

त्यावरून वाद लागला. थांबलेला बॉल हादऱ्यानं पॉकेटमध्ये पडला तर काय करायचं? मी सांगितलं, तो उचलून परत जागेवर ठेवायचा. नियम सगळीकडे हाच. पण माझ्या हॉलात तो कधी लावावा लागला नाही आणि लागणारही नाही. पाट्यांचं वजन काय आहे ते मला ठाऊक आहे. माझ्या टेबलाला ट्रक कळत नाही.

"चाचा, पूल को भी ट्रक कळतो," सलीम म्हणाला.

"मग पुलावर जाऊन खेळ," मी म्हटलं.

*

ती वर्षं भारनियमनाची. संध्याकाळी पाचला लाइट जायची ती आठला यायची. विटांनी बुजवलेला हॉल, लाइट गेली की गुहा. म्हणून स्पर्धेचा नियम होता. लाइट जायच्या आधी फ्रेम, म्हणजे चालू डाव, पुरी झाली नाही तर ती रद्द, लाइट आल्यावर पहिल्यापासून. बॉलला काठी लागून गेली असेल तर तेवढा फटका धरायचा.

फायनल पुन्हा त्या दोघांची. शेवटची फ्रेम सुरू झाली तेव्हा चार वाजून गेले होते. नंदूची बॅग बाकाखाली होती. सहाला गुजरातची गाडी. म्हणजे फ्रेम रद्द झाली तर परत खेळायला तो नव्हताच. फळीवर मागच्याच वर्षीचं नाव राहणार होतं. सलीमचं.

नंदू गुणांत पुढं गेला. बराच पुढं. आणि सलीमनं आयुष्यात पहिल्यांदा खडू नीट लावायला घेतला. टेबलाला फेरी मारली. पाणी प्यायला. बुटाची नाडी सोडून परत बांधली.

"सलीम, खेळ ना रे!" सबनीस उभेच राहिले. "किती वेळ?"

"नंदूभाईनं बारा साल आपल्याला बसवलं. तेव्हा नाही बोललात!"

आता नंदूला घाई करावी लागली. त्यानं फेरी सोडली, खडू सोडला. आणि चुकायला लागला. इकडे सलीम सावकाश खेळतोय म्हणून त्याचे बॉल पटापट जायला लागले. बाकाला कळेना कोणाला शिव्या द्यायच्या. गुडघे, ग्लास, सगळं वाजत होतं. मी दोनदा दटावलं.

शेवटी टेबलावर काळा बॉल तेवढा राहिला. जो घालील त्याची फ्रेम. सलीमचा चुकला. पाळी नंदूची. घड्याळात पाच वाजत आलेले.

"म्हात्रे, मारा! लाइट जाईल!"

नंदू वाकला. उठला. सगळा बाक कण्हला. त्यानं खडू घेतला, लावला, खाली ठेवला. फेरी मारली. परत वाकला.

"घाईत टेकवला तर खालचा मानूस जातो," तो स्वतःशीच म्हणाला.

काठी बॉलला लागल्याचा आवाज आला आणि लाइट गेली.

काळोखात बॉल घरंगळत गेल्याचं ऐकू आलं. मग ऐकू येईनासं झालं. पडल्याचा आवाज काही आला नाही.

सबनीसांनी मोबाइलची टॉर्च लावली. काळा बॉल पॉकेटच्या अगदी ओठावर थांबला होता. आम्ही सगळे भोवती जमलो. कोणी हात लावला नाही. नंदूनं काठी भिंतीला उभी केली. बाकाखालची बॅग ओढली. म्हणाला, "जाव दे, काका. निंगतो."

तो दारापर्यंत पोचला असेल. बाहेरून भरलेला ट्रेलर गेला. बाकावर आता कोणीच बसलेलं नव्हतं, तरी ग्लास वाजले. बॉल पडला.

सगळे माझ्याकडं बघत होते. मग सलीमकडं बघायला लागले. 'ट्रेलर' एवढा एक शब्द त्यानं बोलायचा होता, की बॉल परत ओठावर आणि फ्रेम रद्द.

सलीमनं पॉकेटमध्ये हात घालून बॉल काढला. शर्टाला पुसला.

"चाचा, तुमच्या टेबलला ट्रक कळतो का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग बॉल कशानं पडला?"

"नंदूच्या फटक्यानं."

सबनीस टॉर्च घेऊन खिळ्याकडं निघाले. लेव्हलला हात घातला.

"सबनीस," मी म्हटलं, "बसा खाली."