उभ्या माणसाचं माप

काठीचं माप उभ्या माणसाचंच घ्यायचं. पायात रोजची चप्पल, पाठ ताठ, हात सैल सोडलेला. मूठ मनगटाच्या हाडापाशी आली की खालचं जास्तीचं लाकूड करवतीनं उडवायचं. हा माझा नियम. त्यापायी कळमनुरीच्या आठवडी बाजारात मी काठ्या कमी विकल्या आणि भांडणं जास्त केली. कुणी यायचा, म्हणायचा, "बाबासाठी एक द्या." मी म्हणायचो, "बाबाला घेऊन ये." एकानं तोंडावर ऐकवलं, "मास्तर, बाबा हितपर्यंत चालत आला असता तर काठी कशाला नेली असती?" त्याला मी हाकलून दिलं. तो बराबर बोलत होता, म्हणून जास्त राग आला असावा.

मी चित्रकलेचा मास्तर. डोंगरकड्याच्या शाळेत पोरांकडून आंबा आणि तांब्या काढून घेण्यात माझी नोकरी संपली. रिटायर झाल्यावर लाकडाचा नाद लागला. रस्ता रुंद करताना पाडलेल्या झाडांच्या फांद्या, धरणाचं पाणी ओसरल्यावर काठाला राहिलेली मुळं, बांधावर तोडून टाकलेली बोर, जे मिळेल ते सायकलला बांधून आणायचो. जितं झाड कधी तोडलं नाही. बेचकं दिसलं की त्याची खुंटी करायची, मुळाची बैठक चांगली असेल तर दिवा ठेवायला घ्यायचं, आणि फांदी वरच्या टोकाला आपणहून वळली असेल तर काठी. बायको म्हणायची, "लोकं रिटायर झाल्यावर देवाला जातेत, आमचे मास्तर सरपण येचायला जातेत." थंडीत पाणी तापवताना ती मुद्दाम माझं एखादं मूळ उचलायची आणि विचारायची, "हे तरी जाळू का?" मी धावत जायचो आणि ती हसायची.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाला ती अंगणात धुणं वाळत घालता घालता खाली बसली, ती पुन्हा उठली नाही. लकवा. उजवं अंग गेलं. नांदेडच्या दवाखान्यात जीव वाचला. निघताना तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "व्यायाम चुकवू नका, काठी धरून घरातल्या घरात फिरतील." त्या एका वाक्याच्या जोरावर मी तिला घरी आणलं.

काठ्यांना काय तोटा, असं मला वाटलं होतं. घरी येऊन ढीग उपसला तेव्हा कळलं, एकही काठी तिच्या कामाची नव्हती. दुकानातली काठी कुठल्याही हाताला चालते. माझ्या काठ्यांची मूठ झाडानं वळवलेली, अंगठा टेकायची जागा एकाच बाजूला. आणि आयुष्यभर मी फांद्या पारखल्या त्या माझ्या उजव्या हातानं. तिचा आता डावाच हात उरला होता.

मग डाव्या हाताची फांदी शोधत हिंडलो. प्रत्येक फांदीला डाव्या हातानं मूठ घालून पाहायचो. लोक बघायचे, बघेनात का. शेवटी शिरड शहापूरच्या रस्त्याला एका बांधावर बोरीच्या तोडलेल्या फांद्या सापडल्या, उन्हात पडून चांगल्या वाळलेल्या. त्यात एक होती. काटे मोडून हातात आणि सदऱ्यात घेऊन घरी आलो. साल काढली, काचेच्या तुकड्यानं खरडली, पॉलिश पेपर मारला, करडीचं तेल पाजलं. एवढा जीव ओतून मी दुसरी कुठली काठी केली नाही. खाटेवर पडल्या पडल्याच तिच्या डाव्या हातात मूठ दिली. बोटं हळूहळू मिटली.

"बसली," ती म्हणाली. तिची जीभ जड झाली होती, बोथट झाली नव्हती. "पर बायको हाये का गुराखी? लईच लांब हाये."

खालचं मी कापलं नव्हतं. ती उभी राहील त्या दिवशी माप घेऊन कापायचं ठरवलं होतं. दुकानातून रबरी बूचही आणून ठेवलं, फरशीवर काठी घसरू नये म्हणून.

रोज सकाळी तिच्या काखेत हात घालून मी तिला उचलायचो. पाय जमिनीला टेकायचे, गुडघे दुमडायचे आणि सगळा भार माझ्यावर यायचा. "सोडा," ती म्हणायची, "तुमची कंबर मोडली तर दोघांचं कोण करंल?" मी सोडायचो नाही. पाऊस गेला, दिवाळी गेली. पुन्हा दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिचा पाय हलवून पाहिला आणि मला बाहेर बोलावलं. "काका, जेवढं सुधारायचं होतं तेवढं सुधारलं आता." मला कळलं. तरी घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी मी तिला उचललंच.

पुण्याहून मुलाचा फोन आला, तेव्हा स्पीकर चालू होता. "बाबा, ती काठी किती दिवस तशीच ठेवणार? आई निजलेली असताना मोजा ना. मनगटापासून टाचेपर्यंत टेप लावला की झालं."

"निजल्या माणसाचं माप ताटी बांधताना घेतात!" मी ओरडलो. "मेल्यावर!"

खाटेवरून ती म्हणाली, "घ्या की मंग. एका मापात दोन कामं व्हतील."

मुलानं फोन ठेवला. मी हसलो, ती हसली. मग मी परसात लाकडांपाशी जाऊन रडलो.

होळीनंतर ऊन वाढलं. एका दुपारी मी नियम मोडायचं ठरवलं. ती माझ्या खांद्याला लागायची, हे मला कुठल्या टेपानं सांगायला नको होतं. त्यावरून अंदाज काढला. काठी पुरी झालेली दिसली तर ती उठेल, असं काहीतरी वेडं मनात होतं. करवत घेऊन मी आत गेलो.

लाईट तेवढ्यात आली होती. काठी तिच्या हातात होती, उंच उचललेली, थरथरत. भिंतीवरच्या बोर्डाकडे तिनं टोक नेलं. हुकलं. पुन्हा हुकलं. मग बटन दाबलं गेलं आणि पंखा फिरायला लागला. ती घामानं भिजली होती आणि अर्ध्या तोंडानं हसत होती. पडल्यापासून पहिल्यांदा तिनं कुणाला हाक न मारता काही केलं होतं.

मग तिला माझ्या हातातली करवत दिसली.

"आवो, कापू नका. हितून बटनापस्तोर बराबर पुरती."

"आणि उभी राहिल्यावर?"

"मास्तर," ती म्हणाली, "आता बास करा."

मी करवत खुंटीला अडकवली. रबरी बूच शोधून काढलं आणि काठीच्या टोकाला बसवलं, लाकडाच्या माऱ्यानं बटन फुटू नये म्हणून. बोर्डाच्या आसपास भिंतीवर आता काळे डाग पडलेत. बुचाला अजून जमीन लागलेली नाही.