करवतीच्या वकिलाची उलटतपासणी

करवतीची मशीनं दुरुस्त करणाऱ्या या माणसाला सगळे सुतार 'वकील' म्हणत, तेही त्याची पाठ वळल्यावर. कारण मशीनला हात लावण्याआधी तो मालकाची उलटतपासणी घ्यायचा. काय केलंत? काहीच नाही. मग बंद कसं पडलं? आपोआप. वकिलाचं पोट आयुष्यभर या 'आपोआप'वरच भरत आलं होतं. लाकूड जळून काळं पडतंय म्हणून लोक बोलावणार, आणि बघावं तर पात्याला धारेचा पत्ता नाही. मोटारीत दम नाही म्हणणार, आणि तिला वीज येणार दोन खोल्यांपलीकडून, सुतळीएवढ्या बारीक वायरीतून. असल्या लोकांच्या हाती हत्यारं दिली कोणी, असं त्याला वाटे, आणि तो ते तोंडावर बोलूनही दाखवी.

"तुमच्यापेक्षा हे लाकूड हुशार," तो म्हणे. "निदान खोटं तरी बोलत नाही."

जावयाच्या कारखान्यातून बोलावणं आलं तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. त्याच्या मते जावई म्हणजे सुतारकामाला लागलेली कीड होती. पण तिथे फळीचं दुसरं टोक धरायला त्याची एकुलती एक मुलगी उभी राहायची, फिरत्या पात्यापासून जेमतेम हातभर अंतरावर. त्या मशीनचा विचार आला की वकील जावयावर आणखीच चिडायचा.

"मामा, मोटार नुसती घूं घूं करतेय. फिरतच नाही," जावई म्हणाला.

"तुम्ही काय केलंत, जावईबापू?"

"काहीच नाही."

"वा. म्हणजे घरातूनही तेच उत्तर."

त्याने प्लग काढला आणि पातं हाताने फिरवून पाहिलं. मोकळं फिरत होतं, म्हणजे बेअरिंग शाबूत. झाकण उघडलं तर कंडेन्सर फुगून टम्म झालेला. मोटारीला सुरुवातीचा धक्का तोच देतो. तो गेला की ती जागच्या जागी कण्हत बसते. वारा आत जायच्या फटी भुशाने गच्च बुजल्या होत्या.

"ही मोटार आहे की उशी?" वकील म्हणाला. "एवढी तापली तर ती स्वतःच बंद पडायला हवी. त्यासाठीच ते लाल बटण असतं. तुमची का नाही पडली?"

जावयाने मान खाली घातली. वकिलाने बटणाची डबी उघडली. बटणाच्या दोन्ही वायरी काढून थेट एकमेकींना जोडल्या होत्या आणि वर चिकटपट्टी गुंडाळली होती. आता फळी अडकली, मोटार तापून लाल झाली, तरी ती थांबणार नव्हती.

"हे कुठल्या गाढवाने केलं?"

जावई पायाने जमिनीवरचा भुसा सारू लागला.

"तुम्हीच. दुसरं कोण? माझी मुलगी समोर उभी असते, एवढं तरी भान ठेवायचं. तिचा हात गेला असता म्हणजे? दगडाला बोलावं तर तोही लाजेल, पण तुम्ही..."

बोलता बोलता तो चिकटपट्टी सोडवत होता. ती निघाली आणि खालचा जोड दिसला. तारा घट्ट पिळलेल्या, आणि टोक टोचू नये म्हणून आत दुमडलेलं. असा पीळ वकील स्वतः घालायचा. मुलगी शाळेत असताना त्याने तिलाही शेजारी बसवून तो शिकवला होता. जावयाला तर साधा प्लगही जोडता येत नव्हता. वकिलाने तो जोड पुन्हा एकदा अंगठ्याने चाचपला.

"मी जोडल्यात त्या," मागून मुलगी म्हणाली. ती आतल्या दारात उभी होती. "मोटार सारखी बंद पडायची. हे म्हणाले, बाबांना बोलवू. मी म्हटलं, नको. ते येणार, दिवसभर तुमची सालटी काढणार, आणि तुम्ही मान खाली घालून ऐकणार. मला नाही बघवत ते. त्यापेक्षा चालतेय तोवर चालू दे, म्हटलं."

"मग?"

"मग परवा फळी अडकली. मी ती ओढायला गेले. एरवी मोटार थांबली असती."

तिचा उजवा हात पाठीमागे होता. वकील स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून उठला.

"हात दाखव," तो म्हणाला.

"आधी सांगा, यांना बोलणार नाही ना?" तिने विचारलं, आणि ती नवऱ्याच्या आड सरकली.