कमळीचं सुतक

माझ्या आत्याइतकं जीव लावून पुस्तक वाचणारं माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरं झालं नाही, आणि तिच्या वाचनापायी घरातली माणसं जेवढी मेटाकुटीला आली तेवढी तिच्या साऱ्या नणंदांनी मिळूनही आणली नसतील. बाकीचे लोक पुस्तक हातात धरून वाचतात. आत्या पुस्तकात शिरून तिथल्या लोकांशी भांडायची. एकदा कुठल्याशा कथेतला खुनी नायिकेचं दार वाजवत होता आणि आत्या स्वयंपाकघरातून किंचाळली, "उघडू नको गं, त्योच हाय!" मी नेमका आमच्या दाराच्या कडीला हात घातला होता. बाहेर आमचे मामा, म्हणजे आत्याचे यजमान, कापसाच्या जिनिंगमधून दमून आले होते. ते बिचारे पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसून राहिले. एखाद्या नायिकेला ताप आला की आत्या पुस्तकावरून मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढायची. परभणीच्या वाचनालयातले गृहस्थ पुस्तक परत घेताना ते नाकाशी धरायचे आणि म्हणायचे, "सोनपेठचं दिसतंय."

मी मूळची राणीसावरगावची. शाळेसाठी सोनपेठला आत्याकडे राहिले आणि बारावी होईपर्यंत तिथलीच होऊन गेले. आत्याला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे माझ्या वाट्याला दुप्पट लाड आणि दुप्पट दटावणी यायची. पुस्तकं परभणीहून एसटीने यायची. ती आणणारा कंडक्टर वाटेत तिकिटं फाडता फाडता स्वतःही वाचून घ्यायचा. पिशवी देताना त्याचा चेहरा पाहूनच आत्या ओळखायची, की आता पुढं काहीतरी वाईट होणार आहे.

त्यातच ती सहा भागांची कादंबरी आली. पुढे कधीतरी येणाऱ्या काळातलं एक राज्य होतं. तिथल्या सरकारने माणसांची नावं काढून घेऊन प्रत्येकाला नुसता आकडा दिलेला. गाणं म्हणायला बंदी, दार लावून घ्यायला बंदी, आणि लग्न सरकार ठरवील त्याच्याशी, ठरवील तेव्हा. त्या राज्यातली एक पोरगी हे सगळं मानायला तयार नव्हती. तिलाही नाव नव्हतंच. आत्याला हे पहिल्याच पानावर खटकलं. "आकड्यानं काय हाक मारायची लेकराला? एसटी हाय का ती?" असं म्हणून तिने गल्लीतल्या बायका जमवल्या, पाटावर पुस्तक ठेवलं, पाळणा म्हटला, घुगऱ्या वाटल्या आणि पोरीचं नाव कमळ ठेवलं. तेव्हापासून आमच्या घरात "कमळीचं काय झालं?" हा प्रश्न "भाकरी झाली का?" इतक्याच सहजपणे विचारला जाऊ लागला. मामासुद्धा विचारायचे.

ती विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती. मोर्चा, बंद असं काही झालं की एसटी थांबायची आणि पुढचा भाग परभणीत अडकून पडायचा. एकदा शेजारच्या गुरुजींनी कुरकुर केली, की एका नावासाठी किती दिवस हे चालायचं. आत्या एरवी गुरुजींना मान द्यायची, पण तेव्हा फट्कन म्हणाली, "तुमाला जल्मल्यापास्नं मिळालंय न्हवं नाव, म्हणून कळंना. कमळीला इचारा." गुरुजी दुसऱ्या दिवशी पहिला भाग मागायला आले.

सहावा भाग आला तेव्हा कंडक्टरने पिशवी खिडकीतून न देता स्वतः उतरून हातात दिली. "आत्याबाई, जेवण झाल्यावर वाचा," एवढंच बोलून तो पाठमोरा झाला. आत्या जेवलीच नाही. दुपारी शेवटचं पान संपलं आणि तिने हंबरडा फोडला. कमळी गेली होती. भर चौकात, सगळ्या गावासमोर तिला नेऊन संपवलं होतं.

पुढचं मात्र कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. आत्याने डोक्यावरून पाणी घेतलं आणि सुतक धरलं. देवापुढे दिवा नाही, चुलीत जाळ नाही. शेजारच्या काकूंना आमच्याकडून धूर निघेना म्हणून शंका आली. त्या डोकावल्या तर आत्या भिंतीला टेकून डोळे पुसतेय. "कोण गेलं वो?" म्हणत त्यांनी आधी स्वतःचा पदर डोळ्यांना लावला. आत्या म्हणाली, "आमची कमळी." काकू बारशाला होत्या, घुगऱ्याही खाल्ल्या होत्या, पण त्या क्षणी त्यांना काही आठवलं नाही. धावत जाऊन त्यांनी पिठलं-भाकरी आणली आणि तीच बातमी चार घरी सांगितली. संध्याकाळपर्यंत ओसरी भरली. कमळी कोण हे उलगडल्यावर मला वाटलं, आता बायका चिडणार. पण काकू म्हणाल्या, "पुस्तकातली का असंना, मेली तर मेलीच की बिचारी. कशी गेली ते तरी सांगा." मग आत्याने सगळं सांगितलं आणि ओसरी पुन्हा रडली. गुरुजींचं म्हणणं होतं, की शेवट असाच व्हायला हवा होता. त्यांना त्या दिवशी कुणी बसायला जागा दिली नाही.

आणि नेमकं दुसऱ्या दिवशी माझ्या लग्नाची बैठक होती. पेडगावची माणसं, बागायती जमीन, मुलगा एकुलता एक. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आत्याच्याच घरी बोलणी ठेवली होती. मला परभणीला कॉलेजात जायचं होतं. हे आत्याला ठाऊक होतं, दादांनाही ठाऊक होतं. पण दादांच्या लेखी तो विषय संपलेला होता.

पाहुणे आले. चूल बंद, म्हणून चहा हॉटेलातून आणलेला. मुलाच्या वडिलांनी पहिल्याच घोटाला विचारलं, "घरात काई झालंय का? कोण वारलं?"

"लांबची हाय एक," दादा घाईने म्हणाले.

मामांना खोटं बोलता येत नसे. "लय लांबची," ते म्हणाले. "पुस्तकातली."

मुलाच्या वडिलांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ते टोपी काढून पोट धरधरून हसले. "कागदावरची बाई मेली म्हणून चूल बंद? असलं खूळ आमच्यात चालायचं न्हाई बरं का. पोरीची पुस्तकं हितंच ठिवा. आता तारीख बोला."

मुलगा हसला नाही, त्याने बशीत चहा ओतला. दादा सतरंजीकडे बघत होते, मामा छताकडे. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. सुपारी फुटायचीच बाकी होती.

"थांबा," उंबऱ्यातून आवाज आला. आत्या उठून बैठकीत आली होती. पुरुषांच्या बैठकीत ती याआधी कधी आली नव्हती. तिने पाहुण्यांकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. "तुला करायचंय का हे लगीन?"

"न्हाई," मी म्हणाले. आवाज एवढा बारीक निघाला, की आत्याने तो पुन्हा काढायला लावला. "न्हाई. मला परभणीला शिकायचंय."

अर्धे कप तसेच ठेवून पाहुणे उठले. दादा म्हणाले, "अक्का, माझी इज्जत घालवलीस."

"तुझी इज्जत यील माघारी," आत्या म्हणाली. "पोरगी आली नसती."

दादा दुपारच्या गाडीने निघून गेले, निरोपही न घेता. पण जून उजाडला तेव्हा पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन मला परभणीला पोचवायला तेच आले.

पाहुणे गेल्यावर आत्या मटकन खाली बसली. मी विचारलं, "आत्या, एवढ्या माणसांत तुला भ्या न्हाई वाटलं?"

"लय वाटलं. हे बघ, पाय अजून कापायलेत." तिने माझा हात धरून गुडघ्यावर ठेवला. "पर तिकडं चौकात सगळं गाव माना खाली घालून बसलं होतं गं. एकानं नुसतं थांबा म्हणलं असतं तर कमळी जगली असती. मी कवाची म्हणायले, उठा की कुनीतरी, उठा की. माझं कोन ऐकतंय तिथं."

मी शिकले, मास्तरीण झाले, मनाजोगता संसार केला. आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि तिचे उपकार आठवले नाहीत असा आठवडा जात नाही. ती कादंबरी मी पुढे सावकाश वाचून काढली. शेवट वाईट नाही. गुरुजींचं खरं होतं. मला तर त्या लेखकाचे आभारच मानावेसे वाटतात, कारण त्याने त्या पोरीला जगू दिलं असतं तर त्या दिवशी आत्या उठून उभी राहिली असती की नाही, कोण जाणे. आत्याला मात्र हे बोलणं पटलं नसतं. ती डोळे पुसून म्हणाली असती, "असं कसं? दोघीबी जगायला पायजे होत्या."